कुशल स्थलांतराचा जमाखर्च

(अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तालुक्याच्या गावी एस.टी. स्थानकाबाहेर पूर्वी टंकलेखनाच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या वर्गांच्या पाट्या दिसत. आता त्यांच्या शेजारी आणखी एक पाटी असते : आयईएलटीएस, जर्मन भाषा, कॅनडा पीआर. या अक्षरांचा अर्थ ज्या घरांना काही वर्षांपूर्वी ठाऊकही नव्हता, त्या घरांत आज त्यांच्यासाठी कर्ज काढले जाते. मुलगा किंवा मुलगी जाणार हे ठरले की गावात दोन प्रकारचे बोलणे सुरू होते. 'देशाने शिकविले आणि हे चालले', असे काहीजण म्हणतात. 'पोराने आईबापांचे पांग फेडले', असे इतर म्हणतात. पहिल्या बोलण्यात राग असतो, दुसऱ्यात कौतुक. या व्यवहारात कोणी किती घातले आणि कोणाला किती मिळाले, हा हिशेब मात्र दोन्ही पक्ष मांडीत नाहीत. तो मांडण्याचा येथे प्रयत्न करावयाचा आहे, आणि त्यासाठी सुरुवात अर्जाच्या कागदापासूनच केलेली बरी.

कुशल कामगार म्हणून परदेशी कायमचे राहण्याचा परवाना मागणे ही आपली विनवणी आहे, असे अर्जदाराला वाटते. वस्तुतः तो खरेदीविक्रीचा व्यवहार आहे, आणि खरेदीदाराने आपली पसंती एका तक्त्यात उघडपणे छापून ठेविलेली आहे. ऑस्ट्रेलियाचा तक्ता उदाहरणादाखल घेऊ. वय २५ ते ३२ असेल तर ३० गुण. ३३ ते ३९ असेल तर २५. चाळिशी ओलांडली की १५. आणि ४५ पूर्ण झाली की दारच बंद. पदवीला १५ गुण. परदेशातील, म्हणजे आपल्याकडील, अनुभव पाच वर्षांचा असेल तर १०, आठ वर्षांचा किंवा त्याहून अधिक असेल तर १५. मग तो पुढे कितीही वाढला तरी १५च. इंग्रजी उत्तम असेल तर १०, अत्युत्तम असेल तर २०. किमान ६५ गुण हवेत. ही नुसती पात्रता झाली; प्रत्यक्ष बोलावणे येण्यासाठी बहुधा याहून पुष्कळच अधिक गुण लागतात.

आता या तराजूत दोन माणसे घालून पाहावीत. पहिला तीस वर्षांचा अविवाहित अभियंता, पाच वर्षे नोकरी केलेला, इंग्रजी उत्तम. वयाचे ३०, पदवीचे १५, अनुभवाचे १०, इंग्रजीचे १० आणि अविवाहितपणाचे १०, एकूण ७५. दुसरा बेचाळीस वर्षांचा, त्याच पदवीचा, अठरा वर्षे यंत्रांजवळ काढलेला, इंग्रजी तेवढेच चांगले. त्याची पत्नी मराठी माध्यमात शिकलेली, इंग्रजीची परीक्षा न दिलेली. त्याचे १५, १५, १५ आणि १०, एकूण ५५. कारखान्यात बिघाड झाला तर ज्याला हाक मारली जाईल तो माणूस या तक्त्यात नापास होतो.

अविवाहितपणाचे दहा गुण वाचून पुष्कळांना हसू येते. २०१९ च्या नोव्हेंबरपासून हा नियम लागू आहे. पत्नी किंवा पती स्वतः कुशल व्यवसायातला आणि इंग्रजी जाणणारा असेल तर दहा, नुसता इंग्रजी जाणणारा असेल तर पाच, आणि यांपैकी काहीच नसेल तर शून्य. म्हणजे ज्या सहधर्मचारिणीने घर सांभाळून या माणसाला अभ्यासाला मोकळे ठेवले, तिच्या नावापुढे शून्य पडते आणि तिच्या नसण्याला दहा मिळतात. तक्ता करणाऱ्याच्या मनात द्वेष आहे असे म्हणण्याचे कारण नाही. त्याने एकच प्रश्न विचारला आहे : हे माणूस आपल्या तिजोरीत कर किती वर्षे भरील, आणि त्याच्याबरोबर येणारी माणसे तिजोरीतून किती घेतील? वयाच्या गुणांचे रहस्यही यातच आहे. बालपण, शाळा, महाविद्यालय या खर्चाच्या वर्षांचा भार दुसऱ्या समाजाने उचललेला; पुढची तीस-पस्तीस कमाईची वर्षे खरेदीदाराच्या पदरात.

तथापि या पद्धतीला केवळ दूषणे देणे इतिहासाला धरून होणार नाही. तिच्या आधी जे होते ते फार वाईट होते, आणि त्याचा संबंध थेट भारतीयांशी पोचतो. १८९७ साली दक्षिण आफ्रिकेतील नाताळच्या वसाहतीने स्थलांतर-निर्बंधाचा कायदा केला. त्या वर्षीच्या जानेवारीत दरबानच्या बंदरावर गांधींना गोऱ्या जमावाने मारहाण केली होती. भारतीयांनी येऊ नये ही त्या जमावाची मागणीच कायद्याने पुरी केली. मात्र कायद्यात 'भारतीय' हा शब्द कोठेही नव्हता. येणाऱ्याला युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे, एवढीच अट होती. साम्राज्य सरकारचे वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांना ही युक्ती इतकी पसंत पडली की त्यांनी इतर वसाहतींनाही तिची शिफारस केली. ऑस्ट्रेलियाने १९०१ साली ती उचलली आणि अधिक धारदार केली. अधिकारी कोणत्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्द सांगणार, उतरणाऱ्याने ते लिहून दाखवायचे. भाषा निवडण्याचा अधिकार अधिकाऱ्याचा! १९०९ नंतर ही परीक्षा कोणीही उत्तीर्ण झाले नाही, कारण ती उत्तीर्ण होण्यासाठी नव्हतीच.

तिचा गमतीदार शेवट एका डाव्या पत्रकाराने घडवून आणला. प्राग शहरात जन्मलेला, जर्मनमधून लिहिणारा एगॉन किश हा फासिझमविरोधी लेखक १९३४ साली सभेसाठी ऑस्ट्रेलियास निघाला. सरकारला तो नको होता. मेलबर्नला त्याला बोटीवरून उतरू दिले नाही तेव्हा त्याने धक्क्यावर उडी घेतली आणि पाय मोडून घेतला. सिडनीत त्याची भाषापरीक्षा ठरली. किशला अनेक युरोपीय भाषा येत असल्याने अधिकाऱ्यांनी स्कॉटलंडमधील गेलिक भाषा शोधून काढली, आणि किश अर्थातच नापास झाला. प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायपीठापुढे गेले. गेलिक ही कायद्याला अभिप्रेत असलेली युरोपीय भाषा नव्हे, असा निकाल लागला, आणि सरकारचे हसे झाले. परीक्षा मात्र त्यानंतरही १९५८ पर्यंत कायद्यात राहिली.

या पार्श्वभूमीवर कॅनडाने १९६७ साली जी गुणपद्धती आणली ती पुढचे पाऊल होती हे मान्य केलेच पाहिजे. शिक्षण, वय, भाषा, व्यवसायाची मागणी यांना शंभरांपैकी गुण. पन्नास मिळाले की प्रवेश. वर्ण कोणता हे विचारावयाचे नाही. ऑस्ट्रेलियाने वंशाचा निकष १९७३ मध्ये सोडला आणि १९७९ मध्ये गुणांचा मार्ग धरला. ब्रिटनने २००२ मध्ये तोच कित्ता गिरविला, आणि जर्मनीनेही १ जून २०२४ पासून गुणांवर आधारलेले 'संधिपत्र' द्यावयास आरंभ केला. कातडीऐवजी कसब पाहणे हे अधिक सुसंस्कृत खरे. परंतु वंशाचा निकष गेला तेव्हा त्याच्या जागी माणुसकीचा निकष आला, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. त्याच्या जागी आला तो उत्पादकतेचा निकष. इंग्रजीची परीक्षा आजही आहे. फरक एवढाच की आता तिचा अभ्यासक्रम आधी ठाऊक असतो आणि शुल्क अर्जदाराने भरावयाचे असते.

आता जमाखर्चाकडे वळू. तरुणाच्या शिक्षणावर कोणी किती घातले? ज्याने शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालयात शिक्षण घेतले, त्याच्या पदवीत ऊसतोड कामगाराने कापड, काडेपेटी घेताना भरलेला अप्रत्यक्ष कर मिसळलेला असतो. खाजगी महाविद्यालयात शिकलेल्याच्या बाबतीत शुल्क घराने दिले हे खरे. पण ते घर, त्याची शाळा, त्याचे शिक्षक, त्याला गोवराची लस टोचणारी आरोग्यसेविका ही सारी कोणत्या तरी सार्वजनिक खर्चावरच उभी होती. मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९७२ च्या सुमारास सुचविले होते की गरीब देशांतून श्रीमंत देशांत गेलेल्या व्यावसायिकांच्या तेथील उत्पन्नावर एक अधिभार बसवावा आणि त्याचे उत्पन्न विकसनशील देशांच्या विकासाकडे वळवावे. सूचनेवर ग्रंथ झाले, परिषदा झाल्या. श्रीमंत देशांच्या करखात्यांनी ती कधीच अमलात आणली नाही. आपण वसूल करावयाचा आणि दुसऱ्याला द्यावयाचा, असा कर कोण बसवील?

या सूचनेवर तेव्हाही एक आक्षेप होता आणि तो वजनदार आहे. मनुष्य हा राष्ट्राची मालमत्ता नव्हे. ज्या समाजाने अभियंत्याला शिकविले पण काम दिले नाही, परिचारिकेला प्रमाणपत्र दिले पण तिला कंत्राटावर राबविले, त्या समाजाने जाणाऱ्याकडे परतफेडीचा लकडा लावावा यात काही न्याय दिसत नाही. गळती थांबवावयाची तर आधी भांडे कोठे फुटले आहे ते पाहिले पाहिजे. परिचारिकांच्या मंजूर जागा रिकाम्या ठेवून त्यांच्या देशप्रेमाची परीक्षा घेणे ही शुद्ध लबाडी आहे.

खर्चाच्या बाजूला हे आहे, तर जमेच्या बाजूला काय? परदेशातून घरी येणारा पैसा. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांनुसार २०२३-२४ मध्ये देशात अशा रकमा सुमारे ११,८७० कोटी डॉलर आल्या. २०१०-११ मध्ये त्या ५,५६० कोटी होत्या. आणखी एक बदल याच पाहणीत दिसतो. पूर्वी या पैशात आखाती देशांचा वाटा मोठा असे. आता अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांसारख्या प्रगत देशांनी आखाताला मागे टाकले आहे. एकट्या अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के आहे. पैसा येणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र २०.५ टक्क्यांसह पहिला, केरळ दुसरा. महाराष्ट्राच्या या पहिल्या क्रमांकावर फार हुरळून जाऊ नये. मुंबईतील बँकांत आलेला सारा पैसा मराठवाड्यातल्या किंवा कोकणातल्या चुलीपर्यंत पोचतोच असे नव्हे.

या दोन स्थलांतरांतील फरक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नीट ध्यानात घ्यावा. आखातात गेलेला गवंडी किंवा तारतंत्री तेथे कधीच नागरिक होणार नसतो. त्याचे कुटुंब गावी असते, म्हणून त्याचा पैसा गावी येतो. वीस वर्षांनी तोही येतो. गुणांच्या तराजूतून गेलेला अभियंता पत्नीमुलांसह जातो. पहिली काही वर्षे आईवडिलांना पैसे पाठवितो, पुढे तेथे घराचे हप्ते सुरू होतात, मुलांच्या शाळा सुरू होतात, आणि आईवडील गेल्यावर पैसे पाठविण्याचे कारणच उरत नाही. जितकी जास्त कुशलता, तितके नाते कायमचे सुटण्याची शक्यता अधिक. आकडे आज वाढते आहेत म्हणून हा प्रवाह आपोआप वाढतच राहील, असे गृहीत धरून नियोजन करणे धोक्याचे ठरेल.

हा झाला समाजाचा हिशेब. अर्जदाराच्या घरातला हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते.

प्रथम पदवी तपासून घ्यावी लागते. अभियंत्याची एक संस्था, परिचारिकेची दुसरी, संगणकतज्ज्ञाची तिसरी, सुतार-नळकारागिरांची चौथी. प्रत्येकीचे शुल्क निराळे, मुदत निराळी. भारत २०१४ साली अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्परमान्यतेच्या 'वॉशिंग्टन करारा'चा पूर्ण सदस्य झाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले होते. पण ही मान्यता विद्यापीठाला किंवा सरसकट पदवीला नाही; राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने विशिष्ट श्रेणीत मान्य केलेल्या त्या त्या अभ्यासक्रमाला आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत उघडलेल्या शेकडो महाविद्यालयांपैकी बहुसंख्यांच्या शाखा त्या श्रेणीत बसत नाहीत. मग ऑस्ट्रेलियासाठी अशा अभियंत्याने आपल्या कामातील तीन प्रसंग निवडून, स्वतः काय केले ते स्वतःच्या इंग्रजीत सविस्तर लिहून द्यावे लागते. चार वर्षे पाठांतर करून पदवी मिळविलेल्याला 'तुम्ही काय केले ते सांगा' हा प्रश्न आयुष्यात प्रथमच विचारला जातो. येथे दलाल पुढे सरसावतो. त्याच्यापाशी तयार प्रसंग असतात. नाव आणि कारखाना बदलला की झाले. नक्कल पकडली गेली तर अर्ज फेटाळला जातो आणि पुन्हा अर्ज करण्यास काही काळ बंदी येते. दलालाचे शुल्क मात्र परत येत नाही.

या दलालीचे एक कायदेशीर अंग आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची केली, आणि कामगाराकडून तीस हजार रुपये व त्यावरील करापेक्षा अधिक सेवाशुल्क घेण्यास मनाई आहे. ही मर्यादा पाळली जाते किंवा नाही हा वेगळा विषय. पण ती कागदावर तरी आहे. शिवाय दहावीपेक्षा कमी शिकलेल्याला अठरा ठराविक देशांत नोकरीसाठी जाताना शासनाची अनुमती लागते, म्हणजे त्याचा करार कोणीतरी डोळ्यांखालून घालतो. शिकलेल्याला ही अनुमती लागत नाही. तो शहाणा आहे, आपले आपण पाहील, असे कायदा मानतो. आणि जो एजंट नोकरी देत नाही, केवळ कायम वास्तव्याचा अर्ज भरून देतो, तो स्वतःला 'सल्लागार' म्हणवितो आणि भरतीचा धंदा करीत नसल्याने त्या मर्यादेच्या बाहेर राहतो. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानेही त्या देशाबाहेर बसलेल्या सल्लागाराला तेथील नोंदणी सक्तीची केलेली नाही. अशा रीतीने दोन देशांच्या कायद्यांमधल्या फटीत हा धंदा फोफावला आहे. अशिक्षिताला फसविणारा गुन्हेगार ठरतो. सुशिक्षिताला फसविणाऱ्याने वातानुकूलित कार्यालय थाटलेले असते, दारात दोन देशांचे झेंडे असतात.

परवान्याचे शुल्कच ऑस्ट्रेलियासाठी मुख्य अर्जदाराला साडेचार हजार डॉलरांहून अधिक पडते. कॅनडाच्या मुख्य कुशल कामगार योजनेत तेथे नोकरी ठरलेली नसलेल्या एकट्या अर्जदारानेसुद्धा २०२५ साली पंधरा हजार कॅनेडियन डॉलरांच्या आसपास रक्कम आपल्या खात्यात असल्याचे दाखवावे लागे, आणि ती उसनी असून चालत नाही. परीक्षा, वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला, कागदांची भाषांतरे हे वेगळेच. पाच माणसांच्या शेतकरी घरात ही रक्कम कोठून उभी राहते हे सांगावयास नको. एखादा तुकडा गहाण पडतो किंवा बहिणीचे लग्न पुढे ढकलले जाते. म्हणून 'गुणवत्तेवर निवड' हे शब्द जपून वापरावेत. गुण मोजण्याआधीच ज्यांच्यापाशी तराजूपर्यंत जाण्याचे भाडे नाही, ते गळून गेलेले असतात.

एवढे करूनही खरेदीदार शब्द पाळीलच असे नाही. कॅनडात कुशल कामगारांच्या अर्जांचा ढीग साचला, तेव्हा २०१२ च्या जूनमध्ये संसदेने कायदा करून २७ फेब्रुवारी २००८ पूर्वी आलेले व निर्णय न झालेले अर्ज रद्दच करून टाकले. त्यांत कुटुंबीय धरून सुमारे दोन लाख ऐंशी हजार माणसे होती. शुल्क परत मिळाले; पाच-सात वर्षे कोण परत देणार? ज्यांनी त्या आशेवर नोकरीतील बढती नाकारली, ज्यांचे वय त्या रांगेत उभ्या उभ्या चाळिशीपार गेले, त्यांच्यासाठी तराजूतील वजनेच बदलली होती. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच देशाने २०२५ साठीचे कायम वास्तव्याचे लक्ष्य पाच लाखांवरून ३,९५,००० वर आणले. घरभाडी वाढली, इस्पितळांत रांगा लागल्या, मतदार नाराज झाले, की पहिली कात्री येथे लागते. येऊ घातलेल्या माणसाला तेथे मत नसते.

ब्रिटनमधील हकीकत मात्र निराळ्या वळणाने गेली, आणि कामगार चळवळीत वाढलेल्यांनी तरी ती विसरू नये. २००२ मध्ये ब्रिटनने अतिकुशल स्थलांतरितांची योजना काढली. 'येथे आपले मुख्य घर करा, पुढे कायमचा अधिकार मिळेल' असे तिचे आश्वासन होते. माणसे नोकऱ्या सोडून, घरे विकून गेली. नोव्हेंबर २००६ मध्ये सरकारने नियम बदलले आणि आधीच आलेल्यांनाही मुदतवाढीसाठी नवे, कठीण निकष लावले. हजारोंवर परत जाण्याची पाळी आली. हे लोक वैद्य, अभियंते, संगणकतज्ज्ञ. संघटना हा शब्द बहुधा त्यांनी कारखान्याच्या फाटकावरच ऐकलेला. तरी त्यांनी एचएसएमपी फोरम ही संघटना उभारली, वर्गणी गोळा केली आणि सरकारला न्यायालयात खेचले. एप्रिल २००८ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्यांना मूळ अटींवर बोलावले त्यांना त्या अटींचा लाभ मिळालाच पाहिजे. एकेका अर्जदाराने स्वतंत्र विनवणी केली असती तर गृहखात्याच्या पोचपावतीपलीकडे त्याला काही मिळाले असते काय?

परवाना मिळाला म्हणजे काम मिळाले असेही नाही. ज्या कसबासाठी गुण दिले, ते कसब तेथील मालकाला आणि व्यवसायमंडळाला मान्य असेल अशी हमी परवान्यात नसते. कॅनडा सरकारच्या स्थलांतर खात्याने २०१२ मध्ये टॅक्सीचालकांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या देशातील टॅक्सीचालकांपैकी निम्मे स्थलांतरित असल्याचे, आणि त्यांत डॉक्टरेट किंवा वैद्यकीय पदवी असलेले दोनशेच्या आसपास असल्याचे त्यात आढळले. टॅक्सी चालविण्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु त्यासाठी हृदयरोगाचा अभ्यास केलेला माणूस समुद्रापलीकडून आणावा लागत नाही. येथे तो रुग्णाला नाही, तेथेही रुग्णाला नाही; दोन्ही वह्यांत केवळ तूट. 'कॅनडातील अनुभव आहे काय?' हा प्रश्न मुलाखतीत विचारून नव्याला बाहेर ठेवण्याची रीत इतकी रूढ झाली होती की ऑन्टॅरिओच्या मानवी हक्क आयोगाला २०१३ मध्ये ती सकृद्दर्शनी भेदभावाची असल्याचे धोरण जाहीर करावे लागले.

निघण्यापूर्वी घरात बसून बोलावयाच्या गोष्टीही आहेत आणि त्या बहुधा विमानतळाच्या वाटेवर आठवतात. तीस वर्षांच्या मुलाला वयाचे तीस गुण देणाऱ्या ऑस्ट्रेलियात आईवडिलांना कायमचे न्यावयाचे झाल्यास साध्या पालक-परवान्याची रांग तीस वर्षांहून अधिक लांब असल्याचे तेथील सरकारच सांगते. ज्या परवान्याची रांग त्याहून आखूड आहे, त्यासाठी प्रत्येकी चाळीस हजार डॉलरांहून अधिक मोजावे लागतात. साठीच्या आईवडिलांना या दोन वाक्यांचा अर्थ समजावून सांगणे कठीण आहे, पण तो न सांगता जाणे अधिक वाईट. जमिनीचेही तसेच. सातबाऱ्यावर वारसाने नाव लागू शकते. पण परदेशी नागरिकत्व घेतल्यावर, किंबहुना अनिवासी झाल्यावरही, शेतजमीन विकत घेता येत नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून तेथील शपथ घेतली की येथील मतदारपत्र संपले. नागरिकत्व न सोडणाऱ्याला २०१० च्या दुरुस्तीने मतदार म्हणून नाव नोंदविता येते. मात्र मत देण्यासाठी त्याने गावच्या केंद्रावर स्वतः हजर राहावे लागते. मेलबर्नहून मिरजेला मतदानासाठी कितीजण येतील हे उघड आहे.

मग शासनाने काय करावे? जाणाऱ्यांना अडविणे हा मार्ग नव्हे, आणि तो शक्यही नाही. केरळने १९७७ सालीच परदेशी नोकऱ्यांसाठी शासकीय कंपनी काढली, १९९६ मध्ये अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते उघडले, आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये जर्मनीच्या रोजगार खात्याशी परिचारिकांच्या भरतीचा करार केला. भाषेचे शिक्षण परिचारिकेच्या खिशातून जाऊ नये अशी व्यवस्था त्यात आहे. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार करून दहा हजार कुशल तरुण पाठविण्याची योजना जाहीर केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठी वार्षिक परवान्यांचा आकडा वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेला. जर्मनीची लोकसंख्या म्हातारी होत आहे. तिला माणसे हवीत, आणि घाई तिला आहे. ज्याला घाई असते त्याच्याशी घासाघीस करता येते, हे बाजारात भाजी घेणाऱ्यालाही कळते.

घासाघीस करावयाची ती कशासाठी? जर्मन राज्य दहा हजार तयार परिचारिका व तंत्रज्ञ घेणार असेल, तर त्याने महाराष्ट्रातील परिचर्या महाविद्यालयांत आणि आयटीआयमध्ये त्याच प्रमाणात जागा वाढविण्याचा खर्च उचलावा. भगवतींचा कर कोणी दिला नाही. पण करारातील एक कलम म्हणून तीच गोष्ट मागता येते. येथील प्रमाणपत्राची मान्यता माणूस निघण्यापूर्वी व्हावी, पोचल्यावर नव्हे. कराराची मराठी प्रत जाणाऱ्याच्या हाती असावी, आणि नोकरी सुटली तर परतीचा खर्च कोणाचा हे तीत लिहिलेले असावे. निवृत्तिवेतनाच्या वर्गणीबाबत भारताने जर्मनीसह अनेक देशांशी सामाजिक सुरक्षेचे करार केलेले आहेत. त्यांचा लाभ कसा घ्यावा हे जाणाऱ्यांपैकी कितीजणांना कोणी सांगितले? अमेरिकेशी असा करार आजवर झालेला नाही. तेथे दहा वर्षांची वर्गणी पुरी न करता परतणारा कामगार आपल्या वर्गणीवर पाणी सोडून येतो.

आणि या सगळ्याची माहिती मिळावयाची जागा एस.टी. स्थानकाबाहेरची पाटी ही नसावी. प्रत्येक जिल्ह्यात शासनाचे कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्र आहे. तेथे एक टेबल, एक जाणकार माणूस, वेगवेगळ्या देशांचे चालू नियम मराठीत छापलेली एक पुस्तिका, अर्जाचे कागद विनामूल्य तपासून देण्याची सोय आणि फसविल्या गेलेल्यांची तक्रार नोंदविण्याची एक वही, एवढ्याने प्रारंभ होऊ शकेल. तेथे आलेल्यांची नोंद ठेवली, तर कोणत्या तालुक्यातून कोणत्या कसबाची माणसे कोठे जात आहेत हेही प्रथमच कळेल. आज महाराष्ट्राच्या नियोजनकर्त्यांना ते बँकांच्या आकड्यांवरून अंदाजाने ताडावे लागते.